गावच्या घराला कॅमेरे: रेकॉर्डिंग घरातच ठेवा, माजघरात कॅमेरा नको

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळच्या गावात आई-वडील दोघंच राहतात, दोघांचीही सत्तरी उलटलेली. मुलगा ठाण्यात नोकरीला. घराला चार कॅमेरे लावायचे आहेत: एक फाटकावर, एक पुढच्या पडवीत, एक मागच्या दाराला आणि एक आत माजघरात, कुणी पडलं-झडलं तर कळावं म्हणून. दुकानदार म्हणतो वायफायचे घ्या, वायर ओढायची कटकट नाही, सगळं क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, राहतं. मुलाला धाकधूक आहे की घरातलं चित्र भलत्याच कुणाला दिसलं तर?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. बाहेरचे तीन कॅमेरे वायरवाले घ्या. रेकॉर्डिंग घरातल्या डिस्कवर होऊ द्या, नेटचा उपयोग लांबून बघण्यापुरता. आणि माजघरातला कॅमेरा लावू नका.

वायफाय की वायर हा प्रश्न खरं तर नंतरचा आहे. तुमच्या यादीत तीन वेगळ्या गरजा एकत्र झाल्यात. दारात कोण आलंय हे आई-बाबांना दार उघडायच्या आधी कळावं, ही पहिली. काही चोरीमारी झालीच तर उपयोगी पडेल असं चित्र हाती असावं, ही दुसरी. आणि दोघांची खुशाली कळावी, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी कॅमेरा चांगल्या करतो. तिसरी त्याला जमत नाही.

का जमत नाही ते सांगतो. कॅमेऱ्यातलं चित्र तुम्ही ॲप उघडाल तेव्हाच दिसतं, आणि दिवसभर ॲप उघडून बसणारा कुणी नसतो. हालचाल झाली की सूचना येईल असं ठेवलं, तर माजघरातून माणसं दिवसात पन्नास वेळा ये-जा करतात, त्यात मांजर वेगळं. आठवड्याभरात त्या सूचना तुम्ही बंदच कराल. शिवाय म्हातारी माणसं पुष्कळदा न्हाणीघरात, नाहीतर रात्री अंधारात उठताना पडतात. तिथे कॅमेरा लावणार नाही, लावूही नये. म्हणजे धोका एकीकडे आणि कॅमेरा दुसरीकडे.

खुशालीसाठी साधी बिनतारी कॉलबेल जास्त कामाची. तिचं बटण न्हाणीघरात जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर लावा, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात पोचेल. दुसरं बटण पलंगाशी. बेलचा डबा शेजारच्या घरी. खोक्यावर शंभर-दीडशे मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. चिऱ्याच्या दोन-तीन भिंती मध्ये आल्या की तो पल्ला निम्म्याहून खाली येतो, म्हणून विकत घ्यायच्या आधी प्रत्यक्ष दाबून बघा. शेजारचा डबा प्लगवर चालणारा नको, सेलवर चालणारा घ्या, नाहीतर लाइट गेली की बेल मुकी. महिन्याच्या एक तारखेला एकदा दाबून बघायचं ठरवून टाका. याच्या जोडीला रोजचा ठरल्या वेळेचा फोन, आणि तो उचलला नाही तर शेजारी कोण जाऊन बघणार हे आधी ठरलेलं असणं. माजघरातल्या कॅमेऱ्यापेक्षा यातून तुम्हाला खूप लवकर कळेल.

माजघराला माझा नकार फक्त उपयोगाच्या हिशेबाने नाही. ते घर आई-बाबांचं आहे. दुपारी चटईवर आडवं होणं, एकमेकांशी कुरबुर करणं, औषधाच्या गोळ्या मोजणं हे सगळं मुलाच्या, सुनेच्या, आणि ॲप ज्याच्या ज्याच्या फोनवर आहे त्या सगळ्यांच्या नजरेखाली आलं की माणूस आपल्याच घरात अवघडून वावरतो. तोंडाने ते "लाव बाबा" म्हणतील, कारण मुलाचं मन मोडायचं नसतं. त्याला संमती धरू नका. कायद्याची बाजूही लक्षात घ्या. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं, की घरातल्या राहत्या भागात सहनिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

याला एक अपवाद मी मानतो. अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि देखभालीला बाहेरची बाई किंवा माणूस येतो, अशा घरात गरज खरी असू शकते. तेव्हा सुद्धा कॅमेऱ्याचा पॉवरचा बटण-स्विच त्याच खोलीत, हाताशी हवा. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद हवं. आणि देखभाल करणाऱ्या माणसालाही तो कुठे आहे हे दाखवलेलं हवं.

आता क्लाउड. वायफाय कॅमेरा घरातून बाहेर, कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेला असतो. तुम्ही ठाण्यात ॲप उघडता तेव्हा तुमचा फोनही त्याच सर्व्हरकडे जातो आणि दोघांची गाठ तिथे पडते. चित्र कुठून जातं, किती दिवस साठतं, कंपनीतला कोण ते उघडू शकतो, हे सगळं त्यांच्या हातात. ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत रिंग या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते. त्यावरून २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. युफी ही कंपनी "सगळं घरातच साठतं" अशी जाहिरात करायची. २०२२ च्या नोव्हेंबरात उघड झालं की कॅमेऱ्यातली छोटी चित्रं तिच्या क्लाउडवर जात होती. वाइझ या कॅमेरा कंपनीच्या बाबतीत २०२४ च्या फेब्रुवारीत एका बिघाडानंतर सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यातली चित्रं दिसली. या तिन्ही ठिकाणी ग्राहकाने काही चुकीचं केलं नव्हतं.

गावच्या नेटचा हिशेब तर त्याहून साधा आहे. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा, एच.२६५ या चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीने, बरं चित्र द्यायला सेकंदाला साधारण २ मेगाबिट घेतो. दिवसाचे २१.६ जीबी. तीन कॅमेऱ्यांचे जवळजवळ ६५ जीबी. रोज २ जीबीचं मोबाइल पॅक डोंगलमध्ये घालून हे सतत वर चढवायचं म्हटलं तर पाऊण तासात दिवसाचा डेटा संपेल. म्हणून बहुतेक क्लाउडवाले कॅमेरे चोवीस तासांचं काही ठेवत नाहीत, हालचाल झाली की दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे ठेवतात. माणूस आत शिरताना हालचाल उशिरा ओळखली गेली तर तुमच्या हाती त्याची पाठ येते. आणि कोकणात नेट नेमकं कधी जातं? वादळात, रात्री, लाइट गेली की. रेकॉर्डिंगची गरजही तेव्हाच असते.

काही वायफाय कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड बसतं, ते चालेल का, असं पुढे कुणीतरी विचारणारच. चालतं, पण कार्ड कॅमेऱ्यातच असतं आणि चोर कॅमेरा काढून नेतो. शिवाय साधं कार्ड सतत लिहून-लिहून वर्ष-दोन वर्षांत गुपचूप मरतं, आणि ते मेलंय हे लागेल तेव्हाच कळतं. एकच खोली, एकच दार, भाड्याचं घर असेल तर मी हा मार्ग सांगतो, कार्ड मात्र "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं. तुमचं स्वतःचं घर आहे, वायर ओढता येते. तिथे ही तडजोड कशाला?

घ्यायचं ते असं: चार चॅनलचा एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, ज्याच्या मागेच चार पीओई पोर्ट आहेत, आणि तीन आयपी (नेटवर्क केबलवर चालणारे) कॅमेरे. पीओई म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून चित्रही येतं आणि कॅमेऱ्याला वीजही जाते. प्रत्येक कॅमेऱ्याशी वेगळा ॲडॉप्टर आणि वेगळा प्लग लागत नाही. पोर्ट एनव्हीआरच्या मागेच असण्याला माझ्या दृष्टीने आणखी मोठं कारण आहे. अशा जोडणीत कॅमेरे एनव्हीआरच्या आतल्या नेटवर्कवर राहतात, घरच्या राउटरशी त्यांचा थेट संबंध येत नाही. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काही खोट असली तरी तो स्वतःहून बाहेर बोलू शकत नाही. सांभाळायचं दार एकच उरतं, एनव्हीआरचं.

डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्या. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहायला बनवलेली नसते. १ टीबीमध्ये तीन कॅमेऱ्यांचे पंधरा दिवस बसतात, २ टीबीमध्ये महिना. मी २ टीबी सांगेन, कारण गावाकडे चोरी झाल्याचं पुष्कळदा उशिरा लक्षात येतं. मागच्या खोलीतला तांब्याचा हंडा कधी गेला ते गणपतीला भांडी काढेपर्यंत कळत नाही.

आता मेगापिक्सेल. दुकानदार "पाच मेगापिक्सेल, आठ मेगापिक्सेल" सांगत राहील. तुम्ही त्याला लेन्स विचारा. चेहरा पटण्यासाठी एक मीटर रुंदीला किमान २५० पिक्सेल यावेत असं आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत सांगितलं होतं. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. दोन मेगापिक्सेलचं चित्र १,९२० पिक्सेल रुंद असतं. नेहमी मिळते ती २.८ मिलिमीटरची लेन्स पाच मीटरवर साधारण १३ मीटर रुंदीचा पट्टा बघते. म्हणजे मीटरला दीडशेपेक्षाही कमी. अंगण सगळं दिसतं, पण अनोळखी माणसाचा चेहरा पटत नाही. तीच ६ मिलिमीटरची लेन्स सात मीटरवर साधारण ७ मीटर रुंदी बघते, मीटरला पावणेतीनशेच्या आसपास. तेव्हा फाटकासाठी ६ मिलिमीटर, पडवीत ४ किंवा २.८. तिन्ही कॅमेरे एकसारखे घेतले की एक तरी जागा चुकतेच.

जागा ठरवताना पावसाळा डोळ्यासमोर आणा. चार महिने माणूस फाटकातून आत येतो तो छत्री डोक्यावर धरून. तीन मीटर उंच खांबावरून कॅमेऱ्याला काळं वर्तुळ चालताना दिसतं, बस. तो माणूस छत्री मिटतो कुठे? पडवीच्या पायरीशी. मिटतो, झटकतो, चपला काढतो आणि मान वर करून "आहात का घरात?" म्हणतो. तुमचा महत्त्वाचा कॅमेरा त्या जागेसमोर हवा: पडवीच्या आत, एका बाजूला, जमिनीपासून दोन-सव्वादोन मीटरवर, तोंड पायरीकडे. उंची याहून वाढवू नका. हात पोचू नये म्हणून वर चढवलेला कॅमेरा टक्कल आणि टोप्या दाखवतो. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं काम "कुणीतरी आलं" हे सांगण्याचं, चेहऱ्याचं काम पायरीवरच्याचं.

पायरीच्या जागेत एक अडचण येते. पडवी काळोखी असते आणि मागे अंगणात लख्ख ऊन, त्यामुळे माणसाचा चेहरा काळा पडतो. त्यासाठी कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि काळोख एकाच चित्रात सांभाळणारी सोय, हवं, तेही खरं, खोक्यावर १२० डेसिबल लिहिलेलं. "डीडब्ल्यूडीआर" लिहिलं असेल तर ती नुसती सॉफ्टवेअरची उजळणी असते, तिने हे काम भागत नाही.

रात्रीच्या चित्रात कॅमेऱ्यापेक्षा कोळी आणि किडे जास्त त्रास देतात. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा, दिवा असतो. कॅमेऱ्याभोवती किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, आणि रात्री त्या उजेडात ते जाळं पांढऱ्या पडद्यासारखं चमकतं. उपाय सोपा: कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटर लांब, अंधार पडला की आपोआप लागणारा एक पिवळा एलईडी दिवा. किडे तिकडे जातात, चित्र रंगीत येतं, आणि आई-बाबांना पायरीही दिसते. कॅमेऱ्याच्या काचेवरून आठवड्यातून एकदा लांब दांड्याचा मऊ ब्रश फिरवायचा. कॅमेरा वाशाच्या किंवा भिंतीच्या अगदी लगत असेल तर त्यावरून इन्फ्रारेड उलटून येतो आणि सगळं चित्र धुरकट दिसतं. कोन थोडा बदलला की जातं.

वायरीत पैसे वाचवू नका. कॅट-६ केबल निखळ तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते, निम्म्या भावात. ओळखायची खूण: तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरं निघालं तर परत करा. त्या केबलवर लांबच्या कॅमेऱ्याला वीज कमी पडते. दिवसा तो चालतो, आणि रात्री इन्फ्रारेड लागला की ताण वाढून बंद-चालू होत राहतो. लोक कॅमेरा बदलून दमतात, दोष केबलचा असतो. एका पल्ल्याची कमाल लांबी १०० मीटर. केबल पूर्णपणे पीव्हीसी पाइपातून न्या, कौलांखाली उंदीर सोडत नाहीत. कॅमेऱ्याची शेपटी (त्यातून बाहेर येणारी छोटी वायर) आणि केबलचा जोड बंद डबीत, आणि डबीत शिरायच्या आधी केबलला खाली एक वळसा, म्हणजे पाणी तिथून गळून पडतं. हा वळसा न दिल्याने पहिल्याच पावसात कनेक्टर हिरवे पडतात.

कडाडणाऱ्या विजेचा धोका कोकणात मे-जूनला आणि परतीच्या पावसात जास्त. घरापासून फाटकापर्यंत उघड्यावरून गेलेली तांब्याची तार जवळपास कडाडलेल्या विजेचा झटका थेट एनव्हीआरपर्यंत आणते. फाटक चाळीस मीटरच्या आत असेल तर त्या एका केबलला झटका अडवणारा पीओई सर्ज प्रोटेक्टर लावा आणि त्याला खरं अर्थिंग द्या. जुन्या घरात तिसऱ्या पिनेला पुष्कळदा काहीच जोडलेलं नसतं, आणि अर्थिंगशिवाय प्रोटेक्टर म्हणजे नुसता डबा. वायरमनकडून ते आधी तपासून घ्या. फाटक त्याहून लांब असेल तर मी तांब्याऐवजी काचेची फायबर केबल ओढतो, काचेतून झटका येत नाही. मात्र फाटकाशी वीज वेगळी न्यावी लागते, त्यामुळे खर्च वाढतो. तो पेलत नसेल तर फाटकाचा कॅमेरा सोडून द्या, पायरीवरचा आणि मागच्या दाराचा पुरे.

पॉवरचा अंदाज: तीन कॅमेरे १८ वॅट, एनव्हीआर डिस्कसकट १५, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १२. म्हणजे ४५ वॅट. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी आणि इन्व्हर्टर असेल तर एवढंच चालवल्यास बारा-पंधरा तास निघतात. पंखे-दिवे लावले की त्या मानाने कमी. इन्व्हर्टरच्या मागे एक खटका असतो, यूपीएस आणि नॉर्मल. नॉर्मलवर असताना लाइट जाते तेव्हा बदल संथ होतो आणि एनव्हीआर पुन्हा सुरू होतो. दर वेळी असं झालं तर डिस्क खराब होते. यूपीएसवर ठेवलं की बदल झटकन होतो, पण व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो लगेच बॅटरीवर जातो. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी रोज उतरेल. अशा ठिकाणी इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवा आणि एनव्हीआर-राउटरला संगणकाचा छोटा यूपीएस मध्ये द्या, मधला तो क्षण तो सांभाळतो.

एवढं झालं की यंत्रणा उभी राहिली. ती कुणाच्या ताब्यात आहे, हा पुढचा भाग, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. बसवणारा माणूस घाईत असतो. तो स्वतःच्या मोबाइलवर ॲप उघडतो, त्याच्या खात्यावर एनव्हीआर नोंदवतो, मग तुम्हाला "शेअर" करतो. म्हणजे मालक तो, तुम्ही पाहुणे. पुष्कळ जण सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड देतात. तेव्हा खातं तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच फोनवरून काढा. आधी कुणाच्या खात्यावर जोडलं गेलं असेल तर त्याच्याकडून सोडवून घ्या. ॲडमिनचा पासवर्ड तुम्ही स्वतः घाला, कमीत कमी बारा अक्षरांचा, आणि कागदावर लिहून घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवा. दुरुस्तीसाठी बसवणाऱ्याला वेगळा वापरकर्ता काढून द्या, काम झालं की काढून टाका. तो चांगला माणूस आहे की नाही हा मुद्दाच नाही. उद्या त्याचा फोन हरवला तर तुमचं अंगण त्यात असता कामा नये.

लांबून बघण्याचे तीन मार्ग आहेत. राउटरवर पोर्ट उघडणं, म्हणजे बाहेरच्या नेटवरून एनव्हीआरपर्यंत थेट वाट करून देणं, हा पहिला, तो अजिबात नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर असेच पकडले होते, कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून. राउटरमधलं यूपीएनपी सुद्धा बंद करा, नाहीतर एनव्हीआर स्वतःच पोर्ट उघडून घेतो. "स्टॅटिक आयपी (न बदलणारा नेटचा पत्ता) घ्या" असं कुणी सुचवलं तर घेऊ नका, या कामाला त्याची गरज नाही. दुसरा मार्ग कंपनीच्या ॲपचा, त्याला पीटूपी म्हणतात. सोपा आहे, पण गाठ कंपनीच्या सर्व्हरवर पडते. बऱ्याच एनव्हीआरमध्ये चित्र कुलूपबंद करण्याचा वेगळा कोड असतो, तो चालू करून स्वतःचा घाला. तिसरा मार्ग स्वतःच्या खासगी बोगद्याचा: घरात रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, त्यावर टेलस्केल हे असा बोगदा करून देणारं सॉफ्टवेअर, तेच तुमच्या फोनवर, आणि एनव्हीआरमधलं पीटूपी बंद. मोबाइल नेटवर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तरी हा मार्ग चालतो. मधला सर्व्हर लागलाच तरी त्याच्यातून जातं ते कुलूपबंदच. तुम्हाला संगणकाची थोडी हौस असेल तर तिसरा मार्ग घ्या. नसेल तर दुसरा, वरच्या काळजीसकट. हौस नसताना तिसरा करून ठेवला आणि सहा महिन्यांनी बिघडला, तर गावात तो दुरुस्त करणारं कुणी नसतं. कोणताही मार्ग घ्या, फोनवर बघताना सब-स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं हलकं, लहान चित्र) लावा, अर्धा मेगाबिट पुरतो.

खरेदी करताना मॉडेलला भारत सरकारच्या सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना त्या अटी बंधनकारक आहेत. गोदामातला जुना माल स्वस्तात देऊ करतील, तो नको. एनव्हीआरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) वर्षातून दोनदा तरी ताजं करा.

घड्याळाकडेही बघा. एनव्हीआरची वेळ वीस मिनिटं चुकलेली असेल तर पोलिसांसमोर पहिला गोंधळ तिथेच होतो. एनटीपी (नेटवरून वेळ आपोआप जुळवणारी सोय) चालू ठेवा, वेळ भारतीय, अधिक साडेपाच. काही घडलंच तर मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून पाठवू नका. एनव्हीआरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा, लगेच काढा, कारण डिस्क भरली की जुनं पुसलं जातं. कोर्टात ती चालायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश संख्या, म्हणजे त्या फाइलवरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते. फाइल उघडून कापाकापी केली की ती जुळत नाही.

शेजाऱ्यांचं राहिलं. मागच्या दाराचा कॅमेरा बहुतेक वेळा गडग्यापलीकडची शेजाऱ्यांची विहीर किंवा न्हाणीघराची वाट दाखवतो. एनव्हीआरमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, तेवढा भाग काळा करा. मग शेजारच्या काकूंना बोलावून पडद्यावर दाखवा की तुमच्याकडचं काही दिसत नाही. आडून कळलं तर वर्षानुवर्षांचा शेजार बिघडतो, आणि कॉलबेलचा डबा त्यांच्याच घरी ठेवायचाय. आवाजाचं रेकॉर्डिंग तिन्ही कॅमेऱ्यांचं बंद. पडवीत बसून लोक काय बोलतात ते साठवायचं काही कारण नाही.

एनव्हीआर दर्शनी टेबलावर नको, कौलांखालच्या माळ्यावरही नको, तिथे उन्हाळ्यात डिस्क भाजून निघते. आतल्या खोलीत, हवा खेळणाऱ्या कपाटात. त्याला जुना टीव्ही किंवा छोटा मॉनिटर एचडीएमआयने जोडून आई-बाबांच्या पलंगासमोर लावा. रात्री दोन वाजता कुत्रं भुंकलं तर दार न उघडता त्यांना स्वतःला बघता आलं पाहिजे, ठाण्याला फोन करून "बघ रे कोण आहे" विचारावं लागू नये. माउस नको, मॉनिटरचं एकच बटण, दाबलं की तिन्ही चित्रं. बसवून झालं की त्याच रात्री तिथेच थांबून तपासा: दिवे घालवून एकाला छत्री घेऊन फाटकातून पायरीपर्यंत चालवा, मेन स्विच पाडून एनव्हीआर चालू राहतो का बघा, आणि राउटर बंद करून रेकॉर्डिंग होतंय ना ते बघा.

पुढचं नेमकं सांगायला तीन मापं लागतील: फाटक ते पडवीची पायरी किती मीटर, पडवीची खोली किती, आणि मागचं दार ते गडगा किती. अर्थिंग तपासून झालं की तेही लिहा. त्यावरून प्रत्येक कॅमेऱ्याची लेन्स आणि केबलची एकूण लांबी काढून देतो.